रस्त्यावर काँक्रीट सांडू नये म्हणून, आणि सांडलंच तर

ओल्या काँक्रीटवर दुचाकीचं पुढचं चाक गेलं की ब्रेक दाबायलासुद्धा वेळ मिळत नाही. वरची सिमेंटची स्लरी तेलासारखी निसरडी असते आणि तिच्यातली वीस एमएमची खडी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते. दोन-तीन तासांत तोच माल घट्ट होऊन बसतो. मग रात्री त्या रस्त्याने येणाऱ्यासाठी तो न रंगवलेला, न सांगितलेला गतिरोधक होतो.

मी पुणे परिसरातल्या आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर बरीच वर्षं काम करतोय. आधी क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला होतो, आता डिस्पॅच, म्हणजे गाड्या पाठवण्याचं काम बघतो. हा लेख प्लांटच्या सुपरवायझरसाठी, टीएम म्हणजे ट्रान्झिट मिक्सर चालवणाऱ्यांसाठी, साइट इंजिनिअरसाठी आणि ज्यांच्या दारावरून दिवसाला पन्नास-पन्नास टीएम जातात त्या रहिवाशांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. माल सांडतो रस्त्यावर, पण तो सांडणार हे बहुतेक वेळा गाडी प्लांटच्या गेटबाहेर पडण्याआधीच ठरलेलं असतं. त्यामुळे पायऱ्याही तिथूनच सुरू होतात.

आधी ड्रम समजून घ्या

टीएमच्या ड्रममध्ये आतून दोन सर्पिल पाती वेल्ड केलेल्या असतात. ड्रम एका दिशेला फिरला की पाती माल तळाकडे, म्हणजे केबिनच्या बाजूला ओढतात. उलटा फिरला की तोच माल तोंडाकडे येतो आणि चुटीवरून, म्हणजे मागच्या पन्हाळीवरून उतरतो. ड्रमच्या तोंडाला घट्ट बसणारं झाकण मुळात नसतंच. माल आत टिकतो तो दोनच कारणांनी: ड्रम मागच्या बाजूने वर कललेला असतो आणि तो बरोबर दिशेने फिरत असतो. यातलं एक बिघडलं, की माल बाहेर.

चढावर गाडी मागे झुकते आणि ड्रमचा कल तेवढ्याने कमी होतो. सिग्नल सुटल्यावर ड्रायव्हरने गाडी झटक्यात उचलली की माल मागे लोटला जातो. गतिरोधकावर मागची चाकं आपटली की तोंडाशी आलेला माल हिसका बसून उडतो. माल जितका पातळ तितकं हे सोपं. म्हणून सांडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. उड्डाणपुलाचा चढ, चढावरचा सिग्नल, सोसायटीच्या गेटसमोरचा गतिरोधक, आणि साइटच्या गेटवरचं ते खड्ड्यातून मुख्य रस्त्यावर चढायचं वळण. तुमच्या प्लांटपासून साइटपर्यंतच्या रस्त्यावर या जागा कुठे आहेत हे एकदा दुचाकीवरून जाऊन बघा. वाळलेले राखाडी डाग तुम्हाला तिथेच दिसतील.

पायरी १: चढ बघून माल भरा

६ क्यूबिक मीटरची गाडी म्हणजे ड्रममध्ये ६ क्यूबिकच मावतात असं नसतं. ड्रमचं एकूण आकारमान त्याहून बरंच जास्त असतं. अमेरिकेचं एएसटीएम सी ९४ हे मानक सांगतं की गाडीतच माल मिसळायचा असेल तर ड्रमच्या आकारमानाच्या ६३ टक्क्यांपर्यंत भरावा, आणि प्लांटवर मिसळलेला माल नुसता ढवळत न्यायचा असेल तर ८० टक्क्यांपर्यंत. वरची ही मोकळी जागा पाहूनच लोकांना मोह होतो. "मावतंय ना, मग टाका अर्धा क्यूबिक" हे वाक्य मी डिस्पॅचच्या खिडकीवर किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. सपाट रस्त्यावर ते खपूनही जातं. चढावर मात्र तो अर्धा क्यूबिकच बाहेर येतो.

आमच्या प्लांटवर आता साधा नियम आहे. साइटच्या वाटेत उड्डाणपूल, घाट किंवा डोंगरउताराची वस्ती असेल तर ६ च्या गाडीत ५.५. चढ खडा असेल किंवा माल पातळ असेल तर ५. ऑर्डर लिहून घेतानाच साइटचा रस्ता विचारायचा आणि चलानावर, म्हणजे गाडीसोबतच्या मालाच्या पावतीवर, मात्रा त्याप्रमाणे टाकायची. एखादी खेप वाढते, हे खरं आहे. पण एकदा माल सांडला की गाडी, माणसं, साफसफाई आणि पोलीस चौकी यात जो दिवस जातो, त्याच्यापुढे ती खेप काहीच नाही.

वजनाचा हिशेबही याच पायरीवर करा. काँक्रीटचं वजन क्यूबिक मीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे ६ क्यूबिकचे १४.४ टन आणि ७ क्यूबिकचे १६.८ टन. दहा टायरच्या तीन एक्सल गाडीचं एकूण मंजूर वजन २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टन झालं. समजा रिकाम्या टीएमचं वजन ११.५ टन आहे. ७ क्यूबिक भरल्यावर एकूण २८.३ टन, कागदावर बसतं. पण ड्रममध्ये पात्यांच्या मुळाशी अर्धा टन जुना माल सुकून चिकटलेला असेल तर तुम्ही हद्दीबाहेर गेलात. जास्त भार धरला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

तो सुकलेला माल आणखी एका कारणाने घातक आहे. पात्यांची उंची त्याने कमी होते आणि ड्रममधली जागाही जाते, म्हणजे ६ ची गाडी आतून ५.५ चीच उरते. झिजलेल्या पात्यांचं तसंच. त्या माल धड आत ओढतच नाहीत. महिन्यातून एकदा ड्रममध्ये टॉर्च मारून बघा. चिपिंगला, म्हणजे सुकलेला माल फोडायला, माणूस आत उतरणार असेल तर इंजिन बंद, चावी काढून आत उतरणाऱ्याच्याच खिशात, ड्रम लॉक केलेला, आत हवा खेळती आणि बाहेर एक माणूस सतत उभा. यात कसलीही सवलत नाही.

पायरी २: स्लम्प प्लांटवर नको, साइटवर मिळवा

पंपाने स्लॅब भरायचा असेल तर साइटवाले १२० ते १५० एमएम स्लम्प मागतात, उंच इमारतीला त्याहून जास्त. ३०० एमएम उंचीच्या कोनातला माल कोन उचलल्यावर किती बसतो तो स्लम्प. हा पातळपणा पंपाला हवा असतो, रस्त्याला नको असतो.

आम्ही लांबच्या किंवा चढाच्या साइटला माल जरा ताठ पाठवतो आणि उरलेला अॅडमिक्स्चरचा, म्हणजे माल पातळ करणाऱ्या रसायनाचा, डोस साइटवर क्यूसीच्या माणसाकडून ड्रममध्ये देतो. ड्रम काही मिनिटं जोरात फिरवला की स्लम्प येतो. ताकद तपासायचे क्यूबही तिथेच भरतात. यासाठी डोस आधी प्लांटच्या लॅबमध्ये ट्रायल घेऊन ठरलेला हवा, आणि तो देणारा माणूस साइटवर हजर हवा.

वाटेत किंवा साइटच्या गेटवर ड्रायव्हरने टाकीतलं पाणी ड्रममध्ये सोडणं मात्र पूर्ण बंद करा. पंपवाला ओरडतो, "मामा, माल कडक आलाय, पाणी मारा", आणि मामा, म्हणजे ड्रायव्हर, पाणी मारतात. त्याने काँक्रीटची ताकद जाते आणि साइटबाहेर रांगेत थांबलेल्या गाडीच्या मागून स्लरी गळायला लागते. ड्रायव्हरला "पाणी मारणार नाही, क्यूसीला विचारा" असं म्हणता यावं यासाठी प्लांटने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. एकटा ड्रायव्हर पंपवाल्याशी भांडू शकत नाही.

पायरी ३: गेटवरची तीन मिनिटं

माझ्या अनुभवात रस्त्यावरच्या निम्म्या तरी डागांचं मूळ ड्रममध्ये नसतं. ते हॉपरवर, म्हणजे ड्रममध्ये माल भरायच्या नरसाळ्यावर, आणि चुटीवर असतं. बॅचिंग प्लांटखाली, म्हणजे माल मिसळणाऱ्या यंत्राखाली, गाडी भरताना माल हॉपरच्या कडांवर उडतो आणि आधीच्या खेपेचे गोळे चुटीत असतात. गाडी तशीच निघते आणि पहिल्या गतिरोधकाला ते गोळे रस्त्यावर पडतात.

म्हणून लोडिंगनंतर गाडी धुण्याच्या ठिकाणी थांबलीच पाहिजे. हॉपर धुवा, चूट धुवा, मागचा मडगार्ड आणि शिडी धुवा. चूट दुमडून लॉक करा आणि लॉक हाताने ओढून बघा, नुसता डोळ्याने नको. चुटीच्या तोंडाला जाड रेक्झिनची किंवा ताडपत्रीची पिशवी बांधा. तिला तळाशी भोक पडलेलं नसावं. गळणारी पिशवी असून नसल्यासारखीच. मग गाडीच्या मागे उभं राहून ड्रमचे तीन फेरे बघा. माल तोंडाच्या कडेला शिवतोय का? शिवत असेल तर तो उतरवा. चलान फाटलं, गाडीचा नंबर लागला, साइटवाला फोनवर फोन करतोय, तरी उतरवा.

मागच्या बाजूला ड्रमचा जो लिव्हर असतो त्याची खिटी बसलेली आहे का हेही याच वेळी बघायचं. सिग्नलला उभ्या गाडीचा तो लिव्हर चुकून हलला की ड्रम उलटा फिरू लागतो, आणि केबिनमधल्या माणसाला ते कळायच्या आत दोन-चार घमेली माल खाली आलेला असतो.

गाडीत सामान ठेवा: दोन फावडी, चार घमेली, एक कडक खराटा, वाळू भरलेली चार गोणपाटं, रिकामी पोती, रबरी हातमोजे, गमबूट, परावर्तक जॅकेट, त्रिकोण दोन आणि चार्ज केलेली टॉर्च. हे सगळं मिळून फार खर्चाचं नाही. प्रत्येक गाडीच्या पेटीवर यादी चिकटवा आणि सोमवारी मोजा, कारण फावडी साइटवर राहून जातात.

पायरी ४: रस्त्यावर

वाटेत ड्रम हळू, मिनिटाला दोन-तीन फेरे. पूर्ण थांबवायचा नाही, कारण माल बसतो, आणि मग परत सुरू करताना हायड्रॉलिकवर ताण येतो. जोरातही फिरवायचा नाही, कारण फिरणारा ड्रम माल एका अंगाला वर चढवतो आणि गाडीचा तोल आधीच उंचावर असतो. वळणावर वेग कमी करायचा तो सांडण्यापुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी–माण भागात वळणावर मिक्सर उलटला आणि बाजूने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुणी त्याखाली सापडून गेल्या. तो दिवस आमच्या धंद्यातल्या कुणीही विसरू नये. वळण पायी चालणाऱ्याच्या जवळपास वेगाने घ्या. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

चढ सुरू होण्याआधीच खालचा गियर टाका, म्हणजे मध्येच गियर बदलताना झटका बसणार नाही. चढावर सिग्नल लागला तर पुढच्या गाडीत आणि आपल्यात अंतर ठेवा, म्हणजे सुटताना सलग हळू निघता येईल. गतिरोधक जवळजवळ थांबून ओलांडा. उतारावर, विशेषतः नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना, गाडी न्यूट्रल करणं म्हणजे जिवाशी खेळ. डिझेल वाचवण्यासाठी हे करायला सांगणारा मालक असेल तर त्याची नोकरी सोडा.

वेळेचं भान हवं. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे मालात पाणी पडल्यापासून २ तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. रिटार्डर, म्हणजे घट्ट होणं लांबवणारं रसायन, घालून ही मुदत वाढवतात, पण ते आधी ठरलेलं असावं. ट्रॅफिकमध्ये तास गेला की ड्रायव्हर घाई करतो आणि घाईत सांडतं. म्हणून चलानावर बॅचिंगची वेळ मोठ्या अक्षरात हवी, आणि दीड तास झाला की निर्णय प्लांटने घ्यायचा. त्याचं ओझं ड्रायव्हरवर टाकायचं नाही.

खेपेमागे भत्ता ही पद्धत या सगळ्याच्या मुळाशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चार खेपांऐवजी सहा मारल्या की घरी जास्त पैसे जातात, हे ज्याला रोज दिसतं त्याच्याकडून गतिरोधकावर थांबण्याची अपेक्षा कशी करायची? आमच्याकडे भत्त्याचा एक भाग आता "गाडी न सांडता आली" यावर आहे. फरक पडला आहे.

पायरी ५: साइटवरून निघताना

रिकामी गाडीही सांडते. चुटीला चिकटलेला माल, पंपाने न घेतलेला पाव-अर्धा क्यूबिक, आणि उतरवून झाल्यावर तोंडाशीच राहिलेली स्लरी, हे सगळं परतीच्या रस्त्यावर पडतं.

साइटवाल्यांनो, यात तुमचं काम आहे. गेटच्या आत दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि गुडघाभर खोल खड्डा घ्या, त्यात जाड प्लास्टिक अंथरा, शेजारी पाण्याचा पाइप ठेवा. चूट तिथे धुतली जाईल. खड्डा नसला की ड्रायव्हर पुढच्या नाल्यापाशी गाडी थांबवून धुतो, आणि त्याला दुसरी जागा आपणच दिलेली नसते. खड्ड्यातला माल सुकला की तो फोडून राडारोड्याबरोबर नीट पाठवता येतो. उरलेल्या मालासाठी पेव्हर किंवा कर्ब स्टोनचे साचे तयार ठेवा. अर्ध्या क्यूबिकमध्ये भरपूर निघतात. काहीच शक्य नसेल तर तो माल प्लांटवर परत पाठवा आणि तसं चलानावर लिहा.

गेटवरून मुख्य रस्त्यावर चढायचा उंचवटा खडीने भरून सारखा करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता सांडलंच तर: पहिला अर्धा तास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे पावणेपाचला आमच्या एका गाडीने उड्डाणपुलाच्या चढावर साधारण अर्धा क्यूबिक माल सांडला. मामांना कळलंही नव्हतं. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून, हात बाहेर काढून सांगितलं. मामांनी गाडी डावीकडे घेतली, मला फोन केला आणि अंगातला शर्ट काढून तो टॉर्चच्या उजेडात हलवत मागे पळत गेले. तरीही एक दुचाकी घसरली. मार्केट यार्डकडे भाजी घेऊन निघालेले एक गृहस्थ होते. मी पोहोचलो तेव्हा ते दुभाजकाला टेकून बसले होते. कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर पसरल्या होत्या. कोपर सोललं होतं आणि जखमेत राखाडी स्लरी गेली होती. मामा गाडीच्या टाकीतलं पाणी बादलीने आणून त्यांच्या हातावर धरत होते आणि त्यांना "दादा, माफ करा" म्हणत होते.

नंतर जमलेल्या सगळ्यांनी मामांना धारेवर धरलं. चलानावर ६ च्या गाडीत ६.५ क्यूबिक लिहिलं होतं आणि खाली सही माझी होती. त्या दिवसापासून मी सांडलेल्या मालाचा दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापू दिलेला नाही. दंड कापला की पुढचा ड्रायव्हर थांबत नाही, तो वेग वाढवतो. आपल्याला थांबणारा आणि फोन करणारा ड्रायव्हर हवा आहे.

तर क्रम असा.

थांबा आणि दाखवा. गाडी सुरक्षित जागी डावीकडे, इंडिकेटर चालू. ड्रम भरण्याच्या दिशेने हळू फिरतोय याची खात्री करा, नाहीतर सांडणं चालूच राहील. जॅकेट घाला. त्रिकोण सांडलेल्या मालाच्या बऱ्याच मागे, मोठ्या रस्त्यावर किमान ५० मीटर, आणि वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्याच्याही अलीकडे ठेवा. चढावरून येणाऱ्याला माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन तिथेच उभा राहील.

कळवा. पहिला फोन ११२ ला, वाहतूक अडवायला पोलीस हवेत म्हणून. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, मुंबईत महापालिकेची आपत्कालीन मदत १९१६, कुणी जखमी असेल तर १०८. मग प्लांटला. प्लांटने लगेच चार माणसं, पाण्याचा टँकर आणि रिकामा टेम्पो पाठवायचा. सांगताना रस्ता, दिशा, जवळची खूण आणि अंदाजे किती मीटर लांब पसरलाय हे सांगा. अर्धा क्यूबिक म्हणजे जवळपास १२०० किलो, ३० किलोच्या घमेल्याने चाळीस घमेली. पाच सेंटिमीटर जाडीत पसरला तर दहा चौरस मीटर रस्ता झाकतो. हे डोळ्यासमोर असलं की किती माणसं लागतील ते कळतं.

गटाराचं तोंड आधी बंद करा. फावडं उचलायच्या आधी वाळूची गोणपाटं उताराच्या बाजूला आणि पावसाळी गटाराच्या जाळीवर टाका. स्लरी गटारात गेली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. सिमेंटला घट्ट व्हायला हवा लागत नाही, पाणी लागतं. मग पावसाळ्यात त्या चौकात पाणी का तुंबतं हे कुणाला कळत नाही. शिवाय स्लरीचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो. ती ओढ्यात उतरली की मासे जगत नाहीत.

कोरडं उचला, मग धुवा. घाईत लोक थेट टँकरचा पाइप लावतात. ही सर्वात मोठी चूक आहे. पाण्याने सिमेंट वाहून जातं आणि सुटी खडी-क्रश सँड रस्त्यावर पसरून राहते, जी दुचाकीला ओल्या मालाइतकीच वाईट. आधी फावड्याने, कडेकडून मध्याकडे ओढत, सगळा माल घमेल्यांनी टेम्पोत. मग उरलेल्या पातळ थरावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, दोन-तीन मिनिटं शोषू द्या, खराट्याने ओढून तोही पोत्यात. त्यानंतरच थोडं पाणी आणि घासणं, आणि ते पाणी गोणपाटांच्या अलीकडे अडवून उचलायचं. शेवटी झाडू, दोनदा. डांबराच्या खाचांमध्ये आणि पुलाच्या जॉइंटमध्ये खडी अडकून राहते. तिथे बसून हाताने काढा.

उन्हाळ्यात दुपारी तुमच्याकडे वेळ फारच कमी असतो. चाळीस अंशांत डांबर तापलेलं असतं आणि पातळ थर अर्ध्या तासात ताठ होतो. माणसं यायला उशीर होणार असेल तर बादलीभर पाण्यात किलोभर साखर विरघळवून मालावर शिंपडा. साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. आमचे बरेच ड्रायव्हर केबिनमध्ये साखर ठेवतात ती चहासाठी नाही. ड्रम बंद पडला तर माल आत दगड होऊ नये म्हणून. ६ क्यूबिकमध्ये क्यूबिकला ३५० किलो सिमेंट धरलं तर २१०० किलो होतं, आणि त्याच्या हजारात एक ते दोन भाग, म्हणजे दोन-चार किलो साखर पुरते. तो माल मग कुठल्याही बांधकामात वापरायचा नाही, आणि रस्त्याकडेला ओतायचाही नाही. प्लांटवर आणून साच्यात टाका.

माल घट्ट झाला असेल तर

डांबरी रस्त्यावर चोवीस तासांच्या आतला पातळ थर पहारीने कडेकडून उचलला तर पापुद्र्यासारखा निघतो. जाड गोळ्याला ब्रेकर लागेल. काँक्रीटच्या रस्त्यावर, जसे मुंबईत २०२३ पासून मोठ्या प्रमाणात होत आहेत, नवा माल जुन्याला धरून बसतो, तिथे ग्राइंडिंग करावं लागतं आणि ते महापालिकेच्या माणसासमोरच करा. हार्डवेअरच्या दुकानातलं अॅसिड ओतू नका. धूर डोळ्यांत-छातीत जातो, रस्ता खराब होतो आणि सगळं गटारात उतरतं. त्याच दिवशी काढता येत नसेल तर तोवर बॅरिकेड आणि रात्री दिसेल असा लाल दिवा लावा.

अंगावर, डोळ्यांत, गाडीवर

ओल्या सिमेंटने भाजतं, आणि दुखणं उशिरा कळतं. बुटात गेलेला माल तासाभराने पायाची कातडी सोलून काढतो. कपडे-बूट लगेच काढा, चिकटलेलं झटका आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि थेट दवाखाना. चोळू नका. चुना, तूप, हळद काही लावू नका.

तुमच्या दुचाकीवर किंवा कारवर उडालं असेल तर ओलं असतानाच भरपूर पाणी मारा, फडक्याने पुसू नका. त्यातली वाळू रंगावर ओरखडे काढते. दुचाकीची चेन, डिस्क आणि रेडिएटरच्या जाळ्या खास बघा. सुकलं असेल तर खरवडू नका, डिटेलिंगवाल्याकडे न्या. गाडीचा, टीएमच्या नंबरप्लेटचा आणि जागेचा फोटो काढून ठेवा, नुकसानभरपाई मागताना तोच लागतो.

कायदा थोडक्यात

रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला, किंवा आपल्या ताब्यातल्या मालाची काळजी न घेतल्याने तो झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५ हजारांपर्यंत दंड आहे. निष्काळजी गाडी चालवणं कलम २८१ खाली येतं. कुणी जखमी झालं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर जबाबदारी टाकतं: वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना कळवायचं. मदतीला थांबलेल्या वाटसरूला कलम १३४ अ चं संरक्षण आहे, म्हणून थांबायला घाबरू नका. आणि ड्रायव्हरमित्रांनो, पळून गेलात तर साधी चूकही गुन्ह्यासारखी दिसते. थांबलात, फोन केलात, फावडं हातात घेतलंत, तर पोलीसही तुमच्याशी वेगळं बोलतात. हे मी चौकीत बसून पाहिलंय.

रहिवाशांसाठी

एकच गाडी एकदा सांडली तर पोलिसांना कळवा. पण त्याच गतिरोधकावर आठवड्यात तीन वेळा डाग दिसला तर गाडीमागे धावू नका. फोटो तारीख-वेळेसह जमवा, ड्रमवर प्लांटचं नाव असतं ते टिपा, आणि साइटच्या बोर्डवर लिहिलेल्या बिल्डरला व प्लांटला दोघांना लेखी द्या. मागणी नेमकी ठेवा: चुटीला पिशवी, साइटवर धुण्याचा खड्डा, आणि या चढासाठी कमी मात्रा. या तीन गोष्टी मागितल्या की समोरच्याला "बघतो" म्हणून सुटता येत नाही.

शेवटची पायरी: दुसऱ्या दिवशी

साफ केलेल्या जागी दुसऱ्या दिवशी उजाडताना, रहदारी कमी असताना, परत जा. रात्रीच्या टॉर्चमध्ये राहिलेला थर सकाळच्या तिरप्या उजेडात दिसतो. बुटाचा तळ रस्त्यावर घासून बघा. खडी करकरली तर अजून एकदा झाडू मारा. कडेची गोणपाटं उचला, त्याखालची स्लरी खरवडून पोत्यात भरा. मग गटाराच्या जाळीवर दोन बादल्या पाणी ओता आणि पुढच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी पलीकडे आलं तर काम झालं. नाही आलं, तर त्याच दिवशी महापालिकेच्या मलनिःसारण विभागाला बोलवा, पावसाची वाट बघू नका.